नेपाळला घरची गाडी न्यायची, तर फाईल घरीच पूर्ण करा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अंबाजोगाई तालुक्यात शिक्षक आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या गाडीने नेपाळला जायचं ठरतंय. सोबत आई (वय ७१), पत्नी, मुलगी (वय १६) आणि पाचवीतला मुलगा. आई दर सोमवारी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जाते. तिला पशुपतीनाथ बघायचा आहे, आणि जमलं तर मुक्तिनाथही. गाडी धाकट्या भावाच्या नावावर आहे, बँकेचं कर्ज अजून फिटायचं आहे. पासपोर्ट कुणाचाच नाही, पण आधार कार्ड सगळ्यांचं आहे. गाडी सीमेवर अडवतील का? आणि डोंगरातला रस्ता मला झेपेल का? मी आजवर बीड, लातूर, पुणे एवढीच गाडी चालवली आहे.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : दादा, गाडीचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं ‘आधार कार्ड सगळ्यांचं आहे’ हे वाक्य वाचून मी आधी तिथंच थांबले.

परभणीहून यात्रेच्या गाड्या नेण्याचं आमच्या घरचं काम आहे आणि कागदांची फाईल पहिल्यापासून माझ्याकडे. आपल्याकडची माणसं सीमेवर अडतात ती बहुतेक वेळा याच एका गोष्टीवर. १९५० च्या करारापासून आपल्याला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून ओळखपत्रही कुठलंही चालेल, असं लोक धरून चालतात. तसं नाही. मोठ्या माणसाला पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या लेकरांना आणि ६५ च्या वरच्या माणसांना. म्हणजे तुमच्या घरात आईचं आणि धाकट्याचं काम आधारवर भागेल, तुमचं आणि वहिनींचं भागणार नाही. मुलगी १६ ची, ती या दोन्हींच्या मधे येते. तिच्यासाठी कॉलेजच्या प्राचार्यांकडून फोटो लावलेलं, सही-शिक्क्याचं ओळख प्रमाणपत्र घ्या. तुम्ही स्वतः शिक्षक आहात, हे काम तुमच्या एका फेरीत होईल. फक्त दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी करा, नंतर कार्यालयाला कुलूप असतं.

कधीकधी सीमेवर कुणी काही न विचारता गाडी सोडतं, हेही खरं आहे. पण म्हातारी माय आणि लेकरं घेऊन दीड हजार किलोमीटर त्या भरवशावर जाऊ नये. जिंतूरकडचं एक कुटुंब मी सीमेवर बघितलं आहे. घरधन्याचं मतदार कार्ड गावी कपाटात आणि मोबाइलमध्ये त्याचा पुसट फोटो. त्या माउलीने घरून आणलेले धपाटे पिशवीतच होते, कारण ते पशुपतीला पोचून खायचे असं ठरलं होतं. त्यांना तिथूनच माघारी फिरावं लागलं. त्या बाईंचा चेहरा आठवला, की मी प्रत्येकाला आधी कार्ड हातात घेऊन दाखवायला लावते.

तुम्ही आजच घरातली मतदार कार्डं काढा. हरवलं असेल किंवा नावात चूक असेल तर फॉर्म ८ भरायचा, यादीत नावच नसेल तर फॉर्म ६. तुमच्या गावचे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, बहुधा तुमच्याच ओळखीचे शिक्षक असतील. नाव, आडनाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लायसनवर आणि मतदार कार्डावर एकसारखं आहे का, तेही बघा. आपल्याकडे एका कार्डावर ‘बालासाहेब’ आणि दुसऱ्यावर ‘बाळू’ असं सर्रास असतं. गावात त्याने काही अडत नाही, पण परक्या मुलखातल्या कारकुनाला तीच दोन वेगळी माणसं वाटतात.

आता गाडी. भाऊ सोबत येणार असेल तर निम्मं काम सोपं होतं. येणार नसेल तर त्याच्याकडून मुद्रांकावर अधिकारपत्र करून नोटरी करून घ्या: गाडीचा नंबर, इंजिन आणि चेसिस नंबर, तुमचं नाव, तुमचा लायसन नंबर, कुठल्या देशात आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत गाडी नेणार, हे सगळं त्यात हवं. सोबत भावाच्या ओळखपत्राची प्रत. आरसी बुकावर बँकेचा बोजा दिसतो, तेव्हा बँकेकडूनही हरकत नसल्याचं पत्र घ्या. शाखेत गेलात तर ‘असं पत्र आम्ही देत नाही’ असं पहिल्या दिवशी म्हणतील. लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि पुन्हा जा. यासाठी दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

आरसी, लायसन, विमा, पीयूसी ही सगळी मूळ कागदं न्या. मोबाइलमधलं डिजिलॉकर आपल्या पोलिसाला चालतं. सीमेपलीकडे ते चालेल असं धरू नका. प्रत्येक कागदाच्या चार-पाच झेरॉक्स आणि सगळ्यांचे पासपोर्ट साइजचे फोटोही पिशवीत टाका. नेपाळचं सिमकार्ड घ्यायलाही तेच लागतात.

विम्याबद्दल कुणी विचारतच नाही, म्हणून सविस्तर सांगते. तुमची पॉलिसी कितीही ‘फुल’ असली तरी ती मुळात भारताच्या हद्दीपुरती असते. सीमा ओलांडल्यावर गाडी ठोकली, कुणाला लागलं, तर ती कागदाच्या तुकड्याइतकीच कामाची. पण आपल्या मोटार विम्यात हद्द वाढवायची सोय आहे. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव हे सहा देश त्यात येतात. जोडायच्या त्या कलमाला ‘आयएमटी १’ म्हणतात. जुन्या दरपत्रकात यासाठी पूर्ण विम्यावर फक्त ५०० रुपये जादा धरलेले आहेत, म्हणजे पैशाचा प्रश्नच नाही. अडचण एवढीच, की एजंटाला ते माहीत नसतं आणि तो ‘काही लागत नाही हो’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही थेट कंपनीला लिहा आणि ‘नेपाळ’ हे नाव छापलेलं पृष्ठांकन, म्हणजे पॉलिसीला जोडलेला तो कागद, हातात पडल्याशिवाय निघू नका. वाटेत गाडी बंद पडली तर मदतीला येण्याची कंपनीची सेवा सीमेपलीकडे मिळते का, तेही तेव्हाच विचारून घ्या.

रस्ता असा धरा: अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ, वर्धा, नागपूर. पहिला मुक्काम नागपूरला किंवा त्याच्या थोडं पुढं. मग सिवनी, जबलपूर, मैहर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर. आईंना मैहरची शारदामाता आणि प्रयागचा संगम वाटेतच घडतो, त्यामुळे हा प्रवास त्यांना कंटाळवाणा होत नाही. गोरखपूरहून सोनौलीची सीमा शंभरेक किलोमीटरवर आहे. गोरखपूरला शेवटचा मुक्काम करा आणि पहाटे निघून सकाळीच सीमेवर पोचा. दुपारनंतर मालाच्या ट्रकांची रांग वाढते आणि अंधार पडल्यावर तिथं नव्या माणसाचा गोंधळ उडतो.

सोनौलीत आपल्या बाजूला पोलीस आणि सशस्त्र सीमा बलाचे जवान गाडी बघतात. सोनं, नवीन इलेक्ट्रॉनिक वस्तू, ड्रोन असलं काही नेऊ नका. मंगळसूत्र आणि रोजचे दागिने पुरे. कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया. तिथं डाव्या बाजूला गाडी लावायची, बाकीच्यांना गाडीतच बसवायचं आणि तुम्ही फाईल घेऊन भंसारच्या कार्यालयात जायचं. भंसार म्हणजे त्यांचं कस्टम. बाहेर पोरं गराडा घालतील, ‘सर, मी करून देतो’ म्हणून. फाईल कुणाच्याही हाती देऊ नका. खिडकीवर तुम्ही स्वतः उभे राहिलात तर काम होतं, आणि नेपाळीची लिपी आपलीच असल्यामुळे फलक, फॉर्म, पावती सगळं तुम्हाला वाचता येतं. मराठी माणसाला ही केवढी मोठी सोय आहे! शेजारीच यातायातचा, म्हणजे वाहतुकीचा परवाना घ्यायचा. हे दोन कागद वाटेतले पोलीस मागतात आणि बाहेर पडताना ते जमा करायचे असतात.

भंसारचे पैसे दिवसाप्रमाणे लागतात. आत शिरायचा दिवस आणि बाहेर यायचा दिवस दोन्ही धरा आणि वर दोन दिवस जास्तीचे घ्या. या दोन जादा दिवसांवर मी कधीच काटकसर करू देत नाही. दरड पडली, घाट बंद झाला, आईंना बरं वाटेनासं झालं, तर मुदत संपलेली गाडी घेऊन सीमेवर येण्याची वेळ येते आणि दंड भरमसाट असतो. आपली खासगी गाडी वर्षाला ३० दिवसच तिथं ठेवता येते, पण तुम्हाला तेवढे लागणार नाहीत.

पावती हातात आली की खिडकीसमोरून हलायच्या आत तारीख वाचा. तिथली सरकारी कालगणना विक्रम संवताची आहे. वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा ५६-५७ ने पुढं, महिना कार्तिक किंवा मंसिर असा लिहिलेला आणि तो महिना आपल्या कॅलेंडरमधल्या कार्तिकाशी दिवसानुरूप जुळत नाही. कारकुनाला विचारून इंग्रजी तारीख पेन्सिलीने पावतीच्या मागं लिहून घ्या. गाडीचा नंबरही तपासा. एमएच ४४ चं एमएच ४१ झालेलं असेल तर ते तिथंच दुरुस्त होतं, पोखऱ्यात होत नाही.

पैशाचं म्हणाल तर आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हिशेबात कुणी फसवू शकत नाही. २०१८ च्या अखेरीस नेपाळने आपल्या शंभरापेक्षा मोठ्या नोटा बंद केल्या होत्या. नियम पुढं सैलावले, तरी लहान दुकानदार पाचशेची नोट बघून अजून बिचकतो. अंबाजोगाईच्या बँकेतूनच शंभराच्या नोटांची बंडलं घेऊन निघा. मोठ्या दुकानांत आपलं यूपीआय चालायला २०२४ पासून सुरुवात झाली आहे, पण डोंगरातल्या पंपावर त्यावर विसंबू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, रस्ता झेपेल का. तुम्ही सपाटीवरचे चालक आहात. तिथंही गाडी डाव्या बाजूनेच चालवतात, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही. पण बुटवलच्या पुढं डोंगर सुरू होतो आणि तो आपल्या मांजरसुंब्याच्या घाटासारखा अर्ध्या तासात संपत नाही, दिवसभर चालतो. निघायच्या आधी एका रविवारी कन्नडचा घाट बैजवार चढा आणि उतरा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवायची, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही, हे पायाला कळलं पाहिजे. ब्रेक तापून गाडी न थांबणं हे तिथल्या उतारांवरचं मोठं संकट आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि अंधार पडल्यावर चाक हलवायचं नाही, कितीही थोडं अंतर राहिलेलं असो. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीकाठी कोसळली आणि कितीतरी घरं उजाड झाली. त्याआधी जुलैत नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड येऊन दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. तुम्ही काठमांडूला जाल तो रस्ता हाच. म्हणून पावसाळ्यात माझ्याकडे कुणी गाडी मागितली तर मी सरळ नाही म्हणते. दिवाळीच्या सुमाराला आकाश निवळलेलं असतं, तो काळ चांगला.

मात्र आपल्या दिवाळीतच त्यांचा तिहारचा सण असतो. सरकारी कार्यालयं बंद किंवा अर्धी रिकामी, गावाकडे जाणाऱ्यांनी रस्ते भरलेले. आपली भाऊबीज असते त्याच दिवशी त्यांची भाईटीका. ती उरकल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून निघालात तर सीमेवर पोचेपर्यंत गर्दी ओसरलेली असेल.

आणि दादा, एक मनापासून सांगते: या एका सुट्टीत दोन्ही देव करू नका. जाण्यायेण्यातच सहा दिवस गेले. पहिला दिवस लुंबिनीला थांबा, सीमेपासून ती जवळच आहे. दुसऱ्या दिवशी काठमांडू. नकाशावर अंतर पावणेतीनशेच्या आसपास दिसतं, पण पहाटे निघून संध्याकाळ होते. पुढं दोन दिवस निवांत पशुपतीनाथ. आईंना बागमतीच्या काठावर तासभर बसू द्या, त्यासाठीच तर एवढा खटाटोप.

मुक्तिनाथ साडेतीन हजार मीटरपेक्षा उंचावर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, त्याच्या दुपटीहून जास्त. ७१ वर्षांच्या माणसाला तिथं श्वास लागतो. वाटेतल्या बेनी गावाच्या पुढचा रस्ता तुमच्या घरच्या गाडीचाही नाही. पुढच्या वेळी फक्त तेवढ्यासाठी जा: गाडी पोखऱ्याला लावा, तिथून स्थानिक जीप आणि तिथलाच चालक घ्या, किंवा आईंसाठी जोमसोमचं सकाळचं छोटं विमान बघा. दुपारनंतर कालीगंडकीच्या खोऱ्यात वारा एवढा सुटतो, की विमानं उडत नाहीत. जोमसोमला एक रात्र काढून मगच वर चढा. खालच्या राणीपौवा गावापासून मंदिरापर्यंत पायऱ्या आहेत. निघण्याआधी आईंच्या डॉक्टरांना ‘चढू द्यायचं का’ एवढंच नको, ‘रक्तदाबाच्या गोळ्या तिथं कशा घ्यायच्या’ हेही विचारा. गोळ्या ठरलेल्या दिवसांच्या दीडपट न्या आणि चिठ्ठी सोबत ठेवा.

प्रश्न : लातूरमध्ये एकाने आम्हाला सांगितलं, की नेपाळसाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा लागतो, तो आरटीओतून काढून देतो, आठ हजार पडतील. खरं का?
— एक वाचिका, औसा

उत्तर : देऊ नका, ताई. नेपाळमध्ये आपलं चालू मुदतीचं लायसन चालतं. आंतरराष्ट्रीय परवाना ही वेगळी गोष्ट आहे. मुलाकडे परदेशात गेलात आणि तिथं भाड्याची गाडी चालवायची असेल तर तो लागतो. त्यासाठी फॉर्म ४-अ, पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, सरकारी शुल्क १००० रुपये आणि मुदत एक वर्ष. तोही अर्ज स्वतः भरता येतो. नेपाळला जाण्याआधी तुमच्या लायसनची मुदत प्रवासाच्या तारखांच्या पुढं आहे का, तेवढं बघा. चाळिशीनंतर काढलेल्या लायसनची मुदत कमी असते आणि बऱ्याच बायकांच्या ते लक्षात राहत नाही, कारण लायसन नवऱ्याच्या पाकिटात असतं. तुमचं तुमच्या पर्समध्ये ठेवा. गाडी तुम्ही चालवणार असाल तर भंसारच्या खिडकीवरही तुम्हीच जा.

प्रश्न : आम्ही चार मित्र हिंगोलीहून भूतानला गाडी न्यायचं म्हणतोय. नेपाळसारखंच आहे का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाही. व्हिसा तिथंही लागत नाही आणि पासपोर्ट किंवा मतदार कार्ड हाच नियम, पण प्रवेशपत्र घ्यावं लागतं आणि माणशी दर रात्रीचं शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. भारतीयांना ते १२०० रुपये आहे. चौघे सहा रात्री राहिलात तर २८,८०० रुपये नुसते त्याचेच, राहणं-जेवण वेगळं. हा हिशेब आधी चौघांत बसून करा. प्रवेश पश्चिम बंगालच्या जयगावहून, पलीकडचं गाव फुंत्शोलिंग. गाडीचा परवाना वेगळा आणि तो तिथल्या कार्यालयीन दिवशीच मिळतो, त्यामुळे शनिवारी-रविवारी सीमेवर पोचाल असं नियोजन करू नका. त्यांचं चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचं आहे. विम्यावर मात्र नेपाळऐवजी ‘भूतान’ छापून घ्या. वाटेत सिलीगुडीहून नेपाळमध्येही डोकवायचं मनात असेल तर दोन्ही नावं आताच घाला.